रस्त्यावरच्या वेगवान गाडीला किती कॉम्प्रेशन झेपते?

पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, तिला तो माथ्याशी पोचल्यावर उरलेल्या जागेने भागले की कॉम्प्रेशन रेशो मिळतो. हा आकडा वाढला की तेवढ्याच पेट्रोलमधून अधिक काम निघते, पण लाभ उत्तरोत्तर घटत जातो. पेट्रोल इंजिनाचे सैद्धांतिक प्रतिरूप असलेल्या आदर्श ऑटो चक्राच्या गणिताने ८ ला ५६.५, १० ला ६०.२ आणि १२ ला ६३ टक्के कार्यक्षमता येते. प्रत्यक्ष इंजिन बरेच मागे राहते, तरी कल हाच असतो. म्हणजे १० वरून ११ वर गेल्याने आधीच्या तुलनेत सुमारे अडीच टक्के जास्त काम पदरात पडते, आणि त्यासाठी पणाला लागतो तो पिस्टन. ठिणगीने पेटलेली ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकले की नॉकिंग होते आणि ते सतत होत राहिले तर पिस्टनचा माथा झिजतो, वितळतो.

अमेरिकेत हौशी लोक आजही बांधतात ते शेव्हरोलेचे ३५० घन इंचांचे व्ही-८ इंजिन घेऊ. त्याच्या एका सिलिंडरचे विस्थापन, म्हणजे पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत जाताना व्यापतो ती जागा, सुमारे ७१७ घन सेंटिमीटर असते. सिलिंडरवरच्या झाकणातली, म्हणजे हेडमधली पोकळी ६४ घन सेंटिमीटरची, आणि हेडखालची गॅस्केट व पिस्टनवरच्या खाचा मिळून आणखी १५ धरल्यास रेशो १०.१ येतो, तेच हेड ७६ चे बसवले की तो ८.९ वर उतरतो.

मात्र हा कागदावरचा आकडा झाला. मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यानंतरही काही काळ उघडा असल्यामुळे खरी दाबणी तो मिटल्यावरच सुरू होते. वरच्या १०.१ च्या इंजिनात तो, पिस्टनला हलवणारा क्रँकशाफ्ट तळबिंदूनंतर ६० अंश फिरल्यावर मिटला तर प्रभावी रेशो ८.३ भरतो, ७५ अंशांवर मिटला तर ७.४. व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. तो शर्यतीचा, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा मिटवणारा बसवून कॉम्प्रेशन कमी ठेवलेली गाडी सिग्नलवरून निघताना मरगळलेली वाटते, ती यामुळेच. म्हणून माझ्या मते आधी पेट्रोल ठरवावे, मग कॅमशाफ्ट, आणि रेशो सर्वांत शेवटी.

पेट्रोलच्या बाबतीत भारतीय वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही याचा आकडा. अमेरिकी पंपावरचे ९१ ऑक्टेन हे दोन चाचण्यांची सरासरी असते, तर आपल्याकडील आकडा त्यांपैकी ‘रिसर्च’ या अधिक आकडा देणाऱ्या चाचणीचा असतो. त्यामुळे तिकडचे ९१ आपल्या मोजणीने ९५ च्या आसपास भरते आणि तिकडचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

अॅल्युमिनियमचे हेड उष्णता लवकर बाहेर नेते, त्यामुळे बिडाच्या हेडपेक्षा किंचित जास्त रेशो चालवून घेते. रेशो उतरवण्यासाठी जाड गॅस्केट घालणे मात्र टाळावे. पिस्टन आणि हेडचा सपाट भाग यांतील फट साधारण १ मिलिमीटर असली की मिश्रण जोराने घुसळले जाऊन झटपट जळते. ती वाढली की ज्वलन रेंगाळते आणि कमी रेशोवरही नॉकिंग ऐकू येऊ शकते. त्यापेक्षा पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खोलगट भाग असलेले पिस्टन घ्यावेत.