चेहरा समोर असला की बोट अडतं

‘भावा, लुटूया की तळ! बघू तरी काय होतंय.’
‘नको लेका, कार्लाक सोडून जाती मग.’

शिवाजी विद्यापीठाच्या आसपास खोल्या करून राहणाऱ्या पोरांत ‘बाल्डर्स गेट 3’ रंगला की असे संवाद झडतात. 2023 च्या या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, गोब्लिन नावाच्या लुटारू राक्षसांना सामील होऊन निर्वासितांचा तळ उद्ध्वस्त करण्याची पूर्ण मुभा आहे. पण तसं केलं, तर छातीत धगधगतं यंत्र घेऊन जगणारी आपली सोबतीण कार्लाक कायमची साथ सोडते. बहुतेकांचं बोट तिथंच अडतं.

हे नवं नाही. ‘मास इफेक्ट’ या गेमवर काम केलेल्या एका डिझायनरने 2020 मध्ये सांगितलं होतं, की सुमारे 92 टक्के खेळाडू भलेपणाचीच वाट धरायचे. दुष्टपणा फुकट मिळत असताना माणसं तो नाकारतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मेल स्लेटर या संशोधकाच्या गटाने लंडनमध्ये केलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याचा धागा सापडतो. 34 जणांना संगणकातल्या एका बाईची परीक्षा घ्यायला सांगितलं. उत्तर चुकलं की विजेचा झटका द्यायचा. बाई खोटी, झटकेही खोटे, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही जे तिला पाहत-ऐकत होते, ती विव्हळू लागल्यावर त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत आणि त्वचेच्या विद्युतवाहकतेत ताण उमटला. काही जण तर शेवटच्या झटक्याआधीच थांबले. ज्यांचा तिच्याशी संबंध फक्त मजकुरापुरता होता, त्यांना एवढा त्रास झाला नाही. बुद्धीला खोटं कळतं, पण शरीर चेहऱ्याला आणि आवाजाला उत्तर देतं.

म्हणूनच मला गुणांची मोजपट्टी अपुरी वाटते. 2003 च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ या गेममध्ये कृत्यं उजेड आणि अंधाराच्या पट्टीवर मोजली जात. अशा वेळी खेळाडू माणसांकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघतो. 2009 च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने ती पट्टीच काढून टाकली आणि निवाडा सोबत्यांवर सोपवला. दुबळ्याला मदत केली की ॲलिस्टर खूश, मॉरिगन नाराज.

खरी कसोटी मात्र ‘बाल्डर्स गेट 3’मधल्या ॲस्टेरियनची. हा व्हॅम्पायर, म्हणजे उन्हात जळून जाणारा रक्तपिपासू, खोटारडा आणि दुसऱ्याच्या हालात मजा घेणारा. पण दोनशे वर्षं धन्याच्या गुलामीत काढलेला. शेवटी शेवटी त्याला एक विधी करायचा असतो: सुमारे सात हजार जिवांचा बळी दिला की उन्हाचं भय संपेल आणि अफाट शक्ती मिळेल. मोजपट्टी असती तर उत्तर सोपं होतं. इथं त्याच्या पाठीवरचे व्रण आपण पाहिलेले असतात, आणि ते सात हजार जण बहुतांशी अनोळखी. त्याला अडवायला त्याचाच राग पत्करावा लागतो. आणि विधी होऊ दिला, तर तो मोकळा होत नाही, त्याच धन्यासारखा वागू लागतो.