एपीआय तोच, एबीआय वेगळा: लायब्ररी बदलताना नेमकं काय तुटतं?

“प्रोग्रॅम परत कंपाइल केला, एकही एरर आली नाही. म्हणजे लायब्ररी जुळली की!” कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांकडून हे वारंवार ऐकू येतं. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड. इथे जुळला तो एपीआय. आधीच कंपाइल झालेल्या जुन्या प्रोग्रॅमशी तिचा एबीआय जुळतो का, ते अजून कळलेलंच नसतं.

एपीआय सोर्स कोडपुरता: फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, काय परत येतं. तो कंपायलर तपासतो. एबीआय तयार बायनरींमधला, म्हणजे कंपाइल होऊन बनलेल्या फाइलींमधला: कुठलं स्ट्रक्चर किती बाइटचं, कुठला आकडा कुठल्या जागी. कंपाइल होताना हे पक्कं होतं आणि पुढे त्याची फारशी तपासणी होत नाही. म्हणून मला एबीआय तुटण्याची जास्त भीती वाटते.

समजा, उद्यमनगरात लेथशेजारी ३२ बिटचा आर्म बोर्ड (आर्म प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर) आहे, त्यावर डेबियन ही लिनक्स सिस्टिम. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८:४४:०७ ला संपते. पुढच्या सेकंदाला थेट १९०१ साल. म्हणून डेबियन १३ मध्ये (२०२५) अशा बोर्डांवर टाइम_टी, म्हणजे वेळ साठवायचा डेटा टाइप, ६४ बिटचा केला. बहुतेक सोर्सला हात लावावा लागला नाही. पण वेळ ठेवणारं टाइमव्हॅल हे स्ट्रक्चर ८ बाइटचं १६ झालं. जुना प्रोग्रॅम ८ बाइटची जागा देणार, नवी लायब्ररी १६ लिहिणार, आणि शेजारची मेमरी बिघडणार.

एरवी एबीआय तुटला की लायब्ररीचे कर्तेच सोनेम (बायनरीत नोंदलेलं लायब्ररीचं नाव) बदलतात. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं लिबएसएसएल.एसओ.१.१ जाऊन लिबएसएसएल.एसओ.३ आलं. दोन्ही शेजारी राहू शकतात. जुनी नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही आणि कारण लगेच कळतं. टाइम_टीच्या वेळी सोनेम तेच राहिलं. मग डेबियनने शेकडो लायब्ररींच्या पॅकेजचं नाव बदललं: लिबएसएसएल३टी६४. फाइलचं नाव एकच, त्यामुळे जुनं-नवं एकत्र नांदत नाही. त्यांवर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस नव्याने बिल्ड करावी लागली. आय३८६ (३२ बिटचे इंटेल पीसी) मुद्दाम वगळलं, कारण ते उरलंय मुख्यतः जुन्या बायनरींसाठी. ६४ बिटच्या पीसीवर टी६४ दिसलं तर फक्त नाव बदललंय.

बोर्डावर तुम्ही स्वतः कंपाइल केलेला प्रोग्रॅम मात्र एपीटीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, माहीत नसतो. रीडएल्फ (बायनरीच्या आतलं दाखवणारी कमांड) लावून बघितलं तरी लायब्ररीचं नाव तेच दिसेल. डेबियन १३ चढवलं की असे प्रोग्रॅम परत कंपाइल कराच.