मासा लांबट की उभट, हे फक्त प्रवाह ठरवत नाही

'लांबट मासा वाहत्या पाण्यातला, उभट मासा संथ पाण्यातला' हा ठोकताळा वर्षानुवर्षं सांगितला जातो. तो पूर्ण खोटा नाही, पण अपुरा आहे.

क्रुशियन कार्प हा तळ्यातला मासा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तळ्यांचे दोन भाग करून एकाच भागात पाइक हा शिकारी मासा सोडला. पाणी तेच, प्रवाह नाहीच. तरी काही आठवड्यांत पाइकच्या बाजूचे कार्प जास्त उभट झाले! शिकाऱ्याचा वास पाण्यात मिसळला की कार्पचं शरीर बदलू लागतं, आणि पाठीपासून पोटापर्यंतची उंची वाढलेला मासा पाइकच्या जबड्यात सहज मावत नाही. अर्थात असं अंग घेऊन पोहायला जास्त जोर लागतो, म्हणून शिकारी नसेल तिथे तो सडपातळच राहतो.

खळाळत्या पाण्यातही एकच साचा नाही. डोंगरी ओढ्यांतले काही लोच मासे पाण्याशी झुंजतच नाहीत. पोट सपाट, पुढचे-मागचे पर आडवे पसरलेले. ते खडकाला घट्ट चिकटून शेवाळ खरवडतात. मासा त्या पाण्यात नेमका कुठे राहतो, काय खातो आणि त्याला कोण खातं, हे विचारल्याशिवाय नुसत्या आकारावरून त्याचं घर सांगू नये.