शिक्षकांचे निवृत्तिवेतन (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, नगरपालिका व महापालिकांच्या शाळांतील आणि खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकांना सेवानिवृत्तीनंतर मिळणारे मासिक वेतन, त्यासंबंधीचे नियम आणि ते मिळवण्या-टिकवण्याची कार्यपद्धती. बोलण्यात याला ‘पेन्शन’ म्हणतात. शालेय शिक्षकाचे निवृत्तीचे वय ५८ वर्षे असले, तरी निवृत्तिवेतन किती आणि कधी मिळणार हे पुष्कळसे त्याआधीच्या तीस-पस्तीस वर्षांत ठरलेले असते: नियुक्तीच्या आदेशात, सेवापुस्तकातील नोंदींत, भरून दिलेल्या किंवा न दिलेल्या विकल्पात.

निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून निर्माण झालेला तो हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी दिला. त्या घटनापीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते. १७ डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच.

जुनी योजना : महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ हा या योजनेचा पाया. शिक्षकाच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी कपात होत नाही. भविष्य निर्वाह निधीची कपात वेगळी, आणि ती रक्कम व्याजासह त्याचीच. किमान १० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा झाली की निवृत्तिवेतन लागू होते. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी पूर्वी ३३ वर्षे लागत, पुढे ही अट २० वर्षांवर आली. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तीवर महागाई वाढ असा साधा हिशेब असतो. शेवटचे मूळ वेतन ८०,००० रुपये असेल, तर निवृत्तिवेतन ४०,००० रुपये. त्यातील जास्तीत जास्त ४० टक्के, म्हणजे दरमहा १६,००० रुपयांपर्यंतचा भाग सोडून त्याच्या बदल्यात एकरकमी रक्कम उचलता येते. याला अंशराशीकरण म्हणतात. मग दरमहा मूळ निवृत्तिवेतन २४,००० रुपये उरते. महागाई वाढ मात्र पूर्ण ४०,००० रुपयांवरच मिळते आणि १५ वर्षांनी कापलेला भाग पुन्हा सुरू होतो. ही शेवटची गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. अंशराशीकरणाची तारीख घरच्यांना ठाऊक असावी, कारण पंधरा वर्षांनी बँकेत विचारणा करायला तेच जाणार असतात. शिक्षकाच्या मृत्यूनंतर पती किंवा पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचा सर्वसाधारण दर वेतनाच्या ३० टक्के असून सुरुवातीची काही वर्षे तो वाढीव असतो.

१ नोव्हेंबर २००५ : केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी जुनी योजना बंद केली. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने, १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू केली. शिक्षक तिला ‘डीसीपीएस’ म्हणतात. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के शिक्षकाचे आणि तितकेच शासनाचे अंशदान, अशी तिची रचना होती. २०१९ मध्ये शासनाचा वाटा १४ टक्के झाला. पुढे ही खाती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ‘एनपीएस’मध्ये वळवली गेली आणि प्रत्येकाला कायम निवृत्तिवेतन खाते क्रमांक, रोजच्या बोलण्यातला ‘प्रान’, मिळाला. या योजनेत निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या जास्तीत जास्त ६० टक्के हाती येतात आणि किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे नियमित रक्कम देणारी विमा कंपनीची योजना, विकत घ्यावी लागते. दरमहा किती मिळणार हे बाजारावर आणि त्या दिवशीच्या वार्षिकीच्या दरावर ठरते. एकाच शाळेत, एकाच वर्गाच्या दोन तुकड्या शिकवणाऱ्या दोघांपैकी एकाला ठरलेले निवृत्तिवेतन आणि दुसऱ्याला अनिश्चित रक्कम, हा फरक केवळ नेमणुकीच्या तारखेने पडला. शिक्षकांच्या मनातील सल याच भेदाचा आहे, आणि तो रास्त आहे.

अनुदानित शाळांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. कित्येक शिक्षक २००५ पूर्वी रुजू झाले. पण त्यांची शाळा किंवा तुकडी तेव्हा विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित होती आणि शंभर टक्के अनुदान नंतर आले. शासनाने नेमणुकीची तारीख न धरता शंभर टक्के अनुदानाची तारीख धरली, आणि हे शिक्षक जुन्या योजनेबाहेर राहिले. शासनमान्य पदावर, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता घेऊन त्यांनी शिकवले होते. अनुदान कधी द्यायचे हे त्यांच्या हातात नव्हते. न्यायालयात सर्वांत चिवटपणे लढला गेलेला प्रश्न हाच. भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली, पण नियुक्ती नंतर झाली, अशांना मात्र २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या योजनेचा एकवेळचा विकल्प मिळाला.

आंदोलन आणि बदल : ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घेऊन राज्यातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी व शिक्षक १४ मार्च २०२३ पासून बेमुदत संपावर गेले, अभ्यास समिती नेमल्यानंतर २० मार्चला संप मागे घेण्यात आला. त्याच वर्षी एनपीएसमधील कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन व मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) देण्याचा निर्णय झाला. त्याआधी अशा घरांना मुख्यतः खात्यात जमलेल्या रकमेवर आणि सानुग्रह मदतीवर भागवावे लागे. शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के हमी देणारी सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना राज्याने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. केंद्राच्या या योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, तर १० वर्षे झालेल्याला किमान दरमहा १०,००० रुपये मिळतात. अंशदानाची कपात चालूच राहते, म्हणून संघटना या योजनांना जुन्या पेन्शनची बरोबरी देत नाहीत. विकल्प लिहून देण्याआधी खात्यात जमलेल्या रकमेचे नव्या योजनेत काय होते, हे मूळ शासन निर्णयात वाचले पाहिजे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांत नेमका तोच रकाना बहुधा नसतो.

राज्याच्या तिजोरीवरील भाराचा मुद्दा खोटा नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा मोठा वाटा जातो. पण हा भार ज्यांच्या सेवेतून आला त्यांना हिशेबाच्या चर्चेत बसवल्याशिवाय त्याचे उत्तर न्याय्य होणार नाही.

सेवापुस्तक : या विषयातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे मुख्याध्यापकांच्या किंवा पंचायत समितीच्या कपाटातील जाडजूड सेवापुस्तक. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकी व अक्षरी. पुढे नियुक्ती आदेशाचा क्रमांक, वैयक्तिक मान्यता, वेतनवाढी, वेतन आयोगागणिक झालेली वेतननिश्चिती, रजेचा हिशेब. वेतननिश्चितीवर पडताळणी पथकाचा शिक्का लागतो. तो नसेल किंवा एखादी वेतनवाढ एक दिवस आधी दिलेली निघाली, तर निवृत्तीच्या तोंडावर आक्षेप निघतो आणि वसुली लागते. एका शाळेतून दुसरीत जाताना सेवा खंडित झाली असेल, तर तो काळ क्षमापित झाल्याचा आदेश लागतो. संस्थेच्या वादात निलंबन झाले असेल, तर तो काळ कसा धरायचा याचा आदेश लागतो. सेवापुस्तक दरवर्षी पाहून सही करण्याची तरतूद आहे, पण शिक्षकांना ते बहुधा कोऱ्या रकान्यात घाईघाईने सही करतानाच दिसते. दुय्यम प्रत स्वतःजवळ ठेवून तीत त्याच वर्षी त्याच नोंदी करून घेणारा शिक्षक निवृत्तीच्या वर्षी निर्धास्त असतो. लग्नानंतर, अपत्य झाल्यावर किंवा जोडीदार गेल्यावर नामनिर्देशन बदलायचे राहून जाते, त्याचे हाल पुढे कुटुंबाला सोसावे लागतात.

निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तयार करण्याचे काम निवृत्तीच्या २ वर्षे आधी सुरू व्हावे, असा नियम आहे. अनुदानित माध्यमिक शाळांची प्रकरणे महालेखापालांकडे जातात: विदर्भ व मराठवाड्याची नागपूरला, उरलेल्या महाराष्ट्राची मुंबईला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांचे प्रकरण जिल्हा परिषदेतच मंजूर होते. प्रकरण अडले, तर तात्पुरते निवृत्तिवेतन मागता येते, पण ते मागावे लागते. निवृत्तीनंतर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाण ही आधारवर चालणारी सोय २०१४ पासून आहे.

एनपीएसधारकांचे काम वेगळे. सुरुवातीच्या वर्षांत कपात झाली, पण खात्यात पोहोचली नाही. शासनाचा हिस्सा उशिरा आला. डीसीपीएसच्या हिशेबाच्या चिठ्ठ्याच मिळाल्या नाहीत, अशा तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या. म्हणून शालार्थ या शिक्षकांच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतील वेतनचिठ्ठीवरची कपात आणि प्रान खात्यातील जमा महिनावार ताडून पाहणे, आणि तफावत दिसली की वेतन पथकाला किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी अर्ज देऊन पोच घेणे, याला पर्याय नाही.

प्रतिनिधित्व : राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेचे सुमारे एक-द्वादशांश सदस्य शिक्षक निवडतात. महाराष्ट्रात असे ७ मतदारसंघ आहेत. मतदार होण्यासाठी गेल्या ६ वर्षांत किमान ३ वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील स्तरावर शिकवलेले असावे लागते आणि प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने नाव नोंदवावे लागते. जुन्या यादीत नाव होते म्हणून ते आपोआप येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर शिक्षक मतदारसंघात विद्यमान आमदार नागो गाणार यांचा सुधाकर अडबाले यांनी पराभव केला. त्या प्रचारात जुनी पेन्शन हा ठळक मुद्दा होता, आणि पुढच्याच महिन्यात संप झाला. केवळ प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांना मात्र या मतदारसंघांत मत नाही. राज्यातील शिक्षकांचा एवढा मोठा वर्ग आपल्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न सभागृहात नेण्यासाठी संघटनांवर आणि सर्वसाधारण मतदारसंघांतील आमदारांवर अवलंबून राहतो.