अ‍ॅनालॉग आणि डिजिटल प्रक्षेपणातील चित्राचा दर्जा

अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणीत चित्राचा उजेड आणि रंग सतत कमी-जास्त होणाऱ्या लहरींवरून पाठवतात. डिजिटलमध्ये तेच चित्र आकड्यांत मांडून, दाबून लहान करून धाडले जाते. डिजिटल चित्र नेहमीच सरस, हा समज मात्र सरसकट खरा नाही. अ‍ॅनालॉग चित्र बहुतेकदा वाटेत बिघडते. डिजिटल चित्र पुष्कळदा केंद्रातून निघण्याआधीच बिघडलेले असते, आणि ते सुधारणे प्रेक्षकाच्या हातात नसते.

भारताने पाल ही अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाची पद्धत स्वीकारली : ६२५ रेषा (पैकी पडद्यावर ५७६) आणि सेकंदाला २५ चित्रे. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले, रंग १९८२ मध्ये आले. सिग्नल क्षीण असला की पडद्यावर मुंग्या येत. उंच इमारतींवरून परावर्तित झालेली लहर किंचित उशिरा पोहोचे, त्यामुळे मूळ आकृतीच्या उजवीकडे तिची फिकट सावली उमटे. तरीही मुंग्यांच्या आडून चेहरा ओळखू येई आणि अँटेना फिरवून काही सुधारणा करता येई. पालमध्ये रंगाची माहिती उजेडाच्याच पट्ट्यात बसवलेली असल्यामुळे निवेदकाच्या बारीक रेघांच्या शर्टावर नसलेले रंग लवलवत.

डिजिटलमध्ये मुंग्या आणि सावल्या नाहीत. वाटेत काही आकडे बिघडले तरी सोबत पाठवलेल्या जादा आकड्यांवरून सेट टॉप बॉक्स ते दुरुस्त करतो. पण चुका मर्यादेबाहेर गेल्या की चित्र एकदम कोलमडते : आधी चौकोन, मग गोठलेला पडदा, मग काहीच नाही. डीटीएचची (उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या प्रक्षेपणाची) छत्री केयू बँड नावाच्या ज्या लहरीपट्ट्यावर चालते त्यातल्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, म्हणून कोकणात ऐन पावसाळ्यात हा अनुभव नेहमीचा.

खरा प्रश्न दाबण्याचा आहे. ७२० × ५७६ ठिपक्यांचे साधे चित्र न दाबता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक हा आकडा; मेगाबिट म्हणजे असे दहा लाख) लागतात. प्रत्यक्षात वाहिनीच्या वाट्याला अनेकदा जेमतेम दोन-चार येतात. म्हणून आधीच्या चित्राच्या तुलनेत जेवढे बदलले, मुख्यतः तेवढेच पाठवतात. एका जागी बसून बातम्या देणाऱ्या निवेदकाला हे पुरते. क्रिकेटमध्ये चेंडूमागे कॅमेरा फिरला की मात्र मैदानावरचे गवत नुसता हिरवा लेप होते. विसर्जन मिरवणुकीत उधळलेल्या गुलालाचा कण न् कण प्रत्येक चित्रात जागा बदलतो. बिट अपुरे पडतात आणि हवेत गुलालाऐवजी चौकोन दिसतात. उपग्रहावरच्या एकाच ट्रान्सपॉन्डरवर (सिग्नल घेऊन परत धाडणाऱ्या यंत्रावर) जितक्या जास्त वाहिन्या कोंबाव्यात, तितका हा दोष वाढतो. चित्र दाबण्याच्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीच्या जागी नवी एमपेग-४ वापरल्यास त्याच दर्जाला साधारण निम्मे बिट पुरतात, हा मोठाच दिलासा.

मुंबईत केबलचे डिजिटलीकरण २०१२ अखेर सक्तीचे झाले. अनेक घरांत बॉक्स टीव्हीला पिवळ्या वायरने जोडला गेला. त्या वायरीतून चित्र पुन्हा पालच्याच रूपात जाते, त्यामुळे रेघांच्या शर्टावरचे ते लवलवणारे रंग डिजिटल जोडणीनंतरही टिकून राहिले. चित्र आकड्यांतच नेणारी एचडीएमआय वायर आल्यावर ते गेले. दूरदर्शनची जमिनीवरची बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद झाली.

एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे साध्या चित्राच्या पाचपट ठिपके असतात. त्यांना पुरेसे बिट दिले नाहीत, तर पोटभर बिट मिळालेले साधे चित्रही त्याहून नितळ दिसू शकते.