डीएससीवाल्या (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट घेतलेल्या) ग्राहकांसाठी: सही झाल्यावर पीडीएफला हात लावू नका

नमस्कार मालक. टेंडरची शेवटची तारीख आली की आमच्याकडं तक्रार एकच, "काल केलेली सही आज लाल फुली दाखवतेय, तुमचं टोकनच खराब दिसतंय". टोकनला, म्हणजे सहीची की असलेल्या त्या यूएसबीला, काही झालेलं नसतं ओ. सही करून घरी गेल्यावर कुणीतरी फाईल बदललेली असते: पोर्टलला साइज बसेना म्हणून ऑनलाइन कॉम्प्रेस केली, रेटमधला एक आकडा सुधारला, नाहीतर दोन पीडीएफ जोडल्या. प्रिंट काढून स्कॅन केली तर मग सही उरतच नाही, नुसतं तिचं चित्र उरतं.

डिजिटल सही करताना सॉफ्टवेअर अख्ख्या फाईलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढतं. हॅश काढायची पद्धत एसएचए-२५६ असेल तर फाईल एका पानाची असो की पाचशे पानांची, हॅश लिहिला की ६४ अक्षर-आकड्यांचाच भरतो. त्यावर तुमच्या टोकनमधली प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) चालते, ती टोकनच्या बाहेर येतच नाही, आणि समोरचा तुमच्या पब्लिक कीनं (तिच्या जोडीच्या, सगळ्यांना खुल्या किल्लीनं) सही तपासतो, फाईलचा हॅश स्वतः परत काढून जुळवतो. चादरीचा रेट ४५० चा ४५१ केला तरी हॅश पार वेगळा येतो, मग फुली येणारच की! उलट ती आली म्हणजे सही तिचं काम करतेय. (सहीनं फाईल लपत नाही बरं का, वाचता कुणालाही येते.)

पिवळं प्रश्नचिन्ह वेगळं. त्या कॉम्प्युटरला सर्टिफिकेट देणाऱ्याची ओळख नसते बहुतेक वेळा, ट्रस्ट सेटिंग एकदा केलं की जातं, आम्ही फोनवर सांगतो.

तेव्हा सुधारणं, जोडणं, कॉम्प्रेस करणं सगळं आधी आणि सही शेवटी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको.

परत सही करायचे पैसे का घेता म्हणून काहीजण रुसतात, पण वेळ आमचा पण जातो ना. आणि "टोकन पासवर्डसकट तुमच्याकडंच राहू द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही नाहीच म्हणतो, बाकीचे दुकानवाले ठेवतात ते त्यांचं त्यांनी बघावं, आयटी कायदा २००० आहे, त्या टोकननं झालेली सही तुमच्याच नावावर पडते. सर्टिफिकेट आमच्याकडून घेतलं असेल तर त्याची मुदत संपायच्या महिनाभर आधी आमचाच फोन येतो.

गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या) दिवसांत दुकान चारपर्यंतच, टेंडर असेल तर सकाळीच या.