एम ५१ : दोन दीर्घिकांमधला सांधा

सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची हा तारा आहे. त्याच्यापासून जेमतेम साडेतीन अंशांवर, शामशबल तारकासमूहात, एम ५१ ही सर्पिल दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा भोवऱ्यासारखा समूह, सापडते. ठाण्याहून ती उत्तरेकडे ६२ अंशांपर्यंत चढते, म्हणजे आजूबाजूच्या टॉवरांच्या वर येते. म्हणूनच फेब्रुवारीपासून पावसाळा लागेपर्यंत इथले हौशी छायाचित्रकार तिच्या मागे असतात. फोटोत दोघी येतात : मोठी सर्पिल आणि तिच्या एका बाहूच्या टोकाशी धाकटी, एनजीसी ५१९५. त्या खरंच एकमेकींना जोडलेल्या आहेत का, हा प्रश्न कॅमेऱ्याहून जुना आहे.

१३ ऑक्टोबर १७७३ रोजी शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला धूमकेतू पाहताना नुसता एक पुसट डाग दिसला. धाकटी त्याचा सहकारी मेशाँने २० मार्च १७८१ रोजी टिपली, आणि मेसिएने केलेल्या अशा पुसट डागांच्या यादीत (एम ५१ मधला ‘एम’ त्याचाच) दोघींची ‘वातावरणं’ एकमेकांना टेकतात अशी नोंद आली. अवघ्या काही इंचांच्या दुर्बिणीतून केलेली ही नोंद मला आजही थक्क करते. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशातून पाहून चित्र काढलं. त्यात पहिल्यांदा भोवऱ्याचे पीळ उमटले, आणि एक पीळ थेट धाकटीपर्यंत गेलेला होता. पण ते डोळ्यांनी पाहून हाताने काढलेलं चित्र. १८८९ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी २० इंची दुर्बिणीवर काचेची प्लेट लावून तेच पीळ प्रकाशाकडूनच उमटवून घेतले. रॉबर्ट्स बांधकाम व्यवसायातले, खगोलात हौशीच.

दिसतंय ते असं का, याचं उत्तर मिळायला मात्र आणखी ८३ वर्षं गेली. १९४१ मध्ये एरिक होल्मबर्ग यांनी ताऱ्यांच्या जागी विजेचे दिवे मांडून दोन दीर्घिकांची जवळीक अभ्यासली, कारण प्रकाशही गुरुत्वाकर्षणासारखाच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. १९७२ मध्ये अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर दाखवलं की जवळून जाणाऱ्या दीर्घिकेच्या भरती-ओहोटीच्या ओढीने असे पूल आणि शेपट्या तयार होतात. त्यांच्या उदाहरणांत एम ५१ होती. बाहूतली धूळ धाकटीच्या तेजापुढे काळी दिसते, म्हणजे धाकटी आपल्या बाजूने बाहूच्या मागे आहे.

चार-पाच इंची दुर्बीण, ट्रॅकिंग माउंट (आकाशाच्या गतीबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) आणि डिजिटल कॅमेरा घेऊन गच्चीवर बसलेला माणूस आज हाच सांधा शोधत असतो. अडचण आकाशाच्या उजेडाची. तेजोमेघ म्हणजे ठरावीक रंगांतच चमकणारे वायूचे ढग, त्यांना तेवढेच रंग आत सोडणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर चालतात, पण दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. शहराचा उजेड अडवायला जावं तर तीही अडते. रस्त्यांवर एलईडी दिवे आल्यापासून हे जास्तच जाणवतं, कारण त्यांचाही उजेड सगळ्या रंगांत पसरलेला. म्हणून छोटे छोटे एक्स्पोजर शेकड्यांनी घ्यायचे आणि स्टॅक करायचे, म्हणजे संगणकावर एकावर एक रचून त्यांची सरासरी काढायची. चौपट फ्रेम घेतल्या की गोंगाट, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, निम्म्यावर येतो, त्याहून स्वस्त वाट नाही. पीळ गच्चीवरूनही निघतात, धुळीच्या रेषाही. धाकटीच्या पलीकडे पसरलेल्या अंधुक शेपट्या मात्र निघत नाहीत. त्यांच्यासाठी माउंट आणि बॅटरी गाडीत घालून मुरबाडच्या पलीकडे, माळशेजकडे जावं लागतं, तेही अमावास्येच्या आसपास.